गाडी खोळंबली होती

नमस्कार ताई,

मी ४४ वर्षांची. फोर्टला एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. नोकरी मला आवडते. बदलापूरहून रोजचं अप-डाउन, पहाटे साडेचारला दिवस सुरू. घरी सासूबाई (वय ७६, दोन्ही गुडघे दुखरे), मिस्टर अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला, मुलगी बारावीत. मार्चमध्ये इयर एंडिंगमुळे रोज उशीर व्हायचा. एका रात्री नेहमीची गाडी चुकली, गाडीतल्या मैत्रिणींचा ग्रुप नव्हता, खिडकी मिळाली आणि डोळा लागला. बदलापूर गेलं, वांगणी, शेलू गेलं. नेरळला कुणीतरी हलवून उठवलं. उलट गाडी पकडून घरी पोचायला साडेअकरा झाले. घरी सांगितलं, गाडी खोळंबली होती. सगळ्यांना पटलं.

झोप लागली एवढंच तर सांगायचं होतं, ते का जमलं नाही? 'मी दमलेय' हे तोंडातून निघतच नाही. सासूबाई म्हणतात, आम्ही विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायचो. शेजारच्या काकू म्हणतात, तू आहेस म्हणून घर उभं आहे. मिस्टर तर कधीच दमलो म्हणत नाहीत. मग मीच नाजूक आहे का? हल्ली पुलाचे जिने चढताना मध्येच थांबावं लागतं. पाळी आठ-आठ दिवस चालते, पण ते वयाचं असेल. कधीकधी वाटतं, गाडी थांबूच नये, नुसती जात राहावी.

— एक वाचक, बदलापूर

नमस्कार,

नाजूक? पहाटे साडेचारपासून रात्री अकरापर्यंत पायांवर असणारी बाई नाजूक नसते. तो विषय इथेच मिटवू. तुमचा खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: झोप लागली एवढंच सांगायचं होतं, ते का जमलं नाही?

मला वाटतं, दारात चपला काढता काढता तुम्ही एक हिशेब केलात. 'गाडी खोळंबली' म्हटलं की पुढे एक अक्षर बोलावं लागत नाही. मध्य रेल्वे उशिरा येते हे बदलापुरात कुणाला पटवून द्यावं लागतं? 'झोप लागली, नेरळपर्यंत गेले' असं म्हटलं असतं, तर मात्र रात्री साडेअकराला नवं काम सुरू झालं असतं. सासूबाई म्हणाल्या असत्या, 'अगं बाई, एवढी कसली झोप ती! रात्रीची वेळ, एकटी बाई!' मुलगी रडवेली झाली असती आणि 'काही नाही गं, होतं असं कधीतरी' म्हणत तुम्हीच तिची समजूत घालत बसला असता. मिस्टरांनी आवाज चढवला नसता. काळजीनंच म्हणाले असते, 'झेपत नाही तर सोड ना ती नोकरी.'

तुम्ही गप्प का बसलात, हे त्या शेवटच्या वाक्याशी आलं की मला पुरतं समजतं.

नोकरी करणाऱ्या बाईनं घरात दमल्याचं कबूल केलं की बोलणं तिच्या दमण्यावर राहत नाही, नोकरीवर जातं. दमायला कारणं ढीगभर असतात. चौघांचा दोन वेळचा स्वयंपाक, डबे, सासूबाईंच्या गोळ्या आणि मालीश, मुलीचे क्लास, वाणसामान, गॅसचा नंबर लावणं, येणारं-जाणारं. पण काहीतरी कमी करायची वेळ आली की सगळ्यांचं बोट बरोबर एकाच गोष्टीकडे जातं. 'झेपत नाही तर सकाळच्या पोळ्या सोड' असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून नोकरी टिकवायची असेल तर दमणं लपवायचं, हे बायका फार लवकर शिकतात. कुणी शिकवावं लागत नाही. एकदा 'दमले' म्हणून बघितलेलं असतं आणि त्यावर काय उत्तर आलं, ते लक्षात असतं. तुमचंही तसंच झालं असणार. आठवून बघा.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०२४ साली लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तेच काम करणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त, आणि समोर दीड तास. गोळ्या संपत आल्यात हे लक्षात ठेवणं कुठल्या मिनिटांत धरायचं, हा प्रश्न वेगळाच. तुम्ही हे आकडे रोज जगता, तुम्हाला नव्यानं सांगायला नकोत. सांगतेय ते एवढ्यासाठी की 'नोकरीमुळे दमते' हे वाक्य तुमच्या स्वतःच्या डोक्यातही पक्कं बसलेलं असू शकतं. ते अर्धंच खरं आहे.

आता सासूबाईंचे हंडे. ते खरे आहेत, खोडून काढायला जाऊ नका. त्यांचे गुडघे काही उगाच गेलेले नाहीत. पण त्या पिढीच्या बायका दमल्याचं बोलतच नव्हत्या असं जे आपण धरून चालतो, ते बरोबर नाही. बोलायच्या, जात्यापाशी. अभ्यासक हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांत राम-सीता आहेत, विठोबा आहे, माहेर आहे, भाऊ आहे, आणि कामानं पिचलेल्या बाईचं गाऱ्हाणंही आहे. दिवसा सासूसमोर जे बोलायची सोय नव्हती, ते पहाटे घर झोपलेलं असताना ओवीत घालून म्हटलं जायचं.

तुमच्यासाठी ती जागा लेडीज डब्यात आहे. मी खात्रीनं सांगते, तुमच्या ग्रुपमध्ये तुम्ही गप्प नसता. मटार सोलता सोलता 'आज अंग नुसतं मोडून आलंय गं' हे तुमच्या तोंडून सहज निघत असणार. कुणीतरी सरकून चौथ्या सीटवर जागा करून देत असेल, कुणी बॅगेतून पेनकिलर काढत असेल. 'का बाई, तू कशानं दमलीस?' असं तिथे कुणी विचारत नाही. पुरावा मागत नाही. पण गंमत बघा, त्या मैत्रिणी तुमची एक पोळीसुद्धा लाटू शकत नाहीत. ज्यांना आपला भार हलका करता येणार नाही, त्यांच्याजवळ आपण सगळं मोकळं बोलतो, आणि ज्यांना करता येईल त्यांना सांगतो की गाडी खोळंबली. डब्यात मन हलकं होतं, हे खरंच. त्याच जोरावर दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेचारला उठता येतं, आणि घरात कुणाला काही कळायचं कारण उरत नाही.

तेव्हा सांगायचं ते घरात. कसं, त्याबद्दल माझी मतं जरा कडक आहेत.

भांडी आपटून सांगू नका. आपल्याकडे ही फार जुनी पद्धत आहे. आवाज सगळ्यांना जातो, पण घरच्यांना कळतं ते एवढंच की 'आज आईचा मूड नाही', आणि सगळे मोबाइल घेऊन दुसऱ्या खोलीत सटकतात. सगळं आवरल्यावर रात्री अकराला पलंगावर पडूनही सांगू नका. तोवर काम झालेलं असतं. ऐकणाऱ्यानं 'हो ना, फार होतं तुला' म्हणण्यापलीकडे करण्यासारखं काही उरत नाही. काम सुरू होण्याआधी सांगा, आणि नेमकं कुठलं काम तुम्ही करणार नाही ते सांगा. घरात आल्या आल्या, पर्स ठेवायच्या आधी: 'मी आज दमलेय. रात्रीचा स्वयंपाक मी करणार नाही. खिचडी टाका, नाहीतर पोळी-भाजी केंद्रातून घेऊन या.' का दमले, कशी दमले, कितीला उठले होते, यातलं काही नको. कारण दिलं की ते तपासलं जातं.

हे वाक्य बोलणं त्या मानानं सोपं आहे. अवघड आहे तो पुढचा अर्धा तास. तुम्ही आतल्या खोलीत पडलात. स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचे आवाज येतायत. 'अगं, मुगाची डाळ कुठाय?' खालच्या फळीवर. 'यातली कुठली? दोन डबे आहेत.' सालाची नको, पिवळी. 'पाणी किती घालू?' मग फोडणी करपल्याचा वास येतो, सासूबाई 'अरे गॅस बारीक कर' म्हणून उठायला बघतात, आणि तुमचे पाय आपोआप जमिनीला लागतात. नेमकं तिथेच उठायचं नाही. तुम्ही उठलात की सगळ्यांना कळतं, ती दमली म्हणते पण तेवढी दमलेली नसते. पुढच्या वेळी डाळ कुठाय हे विचारायची तसदीसुद्धा कुणी घेणार नाही. एक दिवस करपलेल्या फोडणीची खिचडी खाऊन कुणाचं काही बिघडत नाही. जेवताना 'छान झालीये' म्हणा. 'मीठ जरा...' तर मुळीच म्हणू नका.

मिस्टर 'सोड मग नोकरी'वर आले, तर वाद घालू नका. 'नोकरीचं आपण रविवारी बोलू. आत्ता मी दमलेय आणि जेवायचं काय ते ठरवायचंय.' एवढंच. दोन्ही विषय एकमेकांत मिसळले की तुम्ही हरता, कारण मग तुम्ही नोकरी वाचवायच्या मागे लागता आणि 'नाही नाही, तेवढं काही नाही' म्हणत ओट्याशी जाऊन उभ्या राहता.

त्या रविवारी एक काम मुळापासून त्यांच्या हवाली करा. 'मदत करा' म्हणू नका; मदतीत काम तुमचंच राहतं. उदाहरणार्थ, सासूबाईंची औषधं. कुठली गोळी कधी, किती उरल्या, चिठ्ठी कुठाय, केमिस्टकडे कधी जायचं, डॉक्टरांची पुढची तारीख काय, हे सगळं त्यांच्याकडे. त्यांची आई आहे, जमेल त्यांना. पहिल्या महिन्यात एखादी पट्टी आणायची राहील, सासूबाई मुलाला बोलतील. बोलू द्या. मुलीला बारावीचं वर्ष म्हणून सगळं माफ करू नका. स्वतःचा डबा भरायला दहा मिनिटं लागतात, त्यानं तिचे मार्क जात नाहीत.

तुमचे मिस्टर 'कधीच दमलो म्हणत नाहीत' असं तुम्ही लिहिलंय. शिफ्टमध्ये काम करणारा माणूस दमत नाही हे मला पटत नाही. झोपेची वेळ आठवड्याला बदलते, शरीर कुठल्याच वेळेला सरावत नाही. मला वाटतं, तेही लपवतायत. पुरुषांना यात आणखी एक अडचण असते: कमावत्या माणसानं दमलो म्हटलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून ते चिडतात, नाहीतर घरी आल्यावर तासभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. आपण त्याला आळस म्हणतो. तुम्ही सांगायला लागलात तर कदाचित तेही सांगतील. त्या वेळी 'तुमचं काय, माझं बघा' यात पडू नका. कोण जास्त दमलं याचा निकाल कुठल्याच घरात कधी लागलेला नाही. दोघंही दमलेले असाल त्या दिवशी पोळी-भाजी केंद्र.

सासूबाईंनाही एकदा विचारा. टोमणा म्हणून नाही, रात्री गुडघ्यांना तेल लावताना: 'आई, हंडे आणून तुम्ही दमत नव्हतात का हो? कुणाला सांगायचात?' काय उत्तर येईल सांगता येत नाही. 'आम्हाला कुठली सवड दमायला' असंही येईल. पण एवढ्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि विहिरीची गोष्ट त्या इतक्यांदा का सांगतात, त्याचं कारण कदाचित तेच असेल.

शेजारच्या काकूंचं 'तू आहेस म्हणून घर उभं आहे' मात्र हसून सोडून द्या. कौतुक गोड लागतं, पण ते ऐकून आपण आणखी एक काम अंगावर घेतो. काकूंना त्याचं काही जात नाही.

ऑफिसात वेगळं वागा. तिथे साहेबांसमोर 'मी दमलेय' म्हणा असा सल्ला मी खासगी नोकरीतल्या बाईला देणार नाही. सरकारी नोकरी असती तर दिला असता. तिथे चुकांच्या भाषेत बोला. १९९७ साली ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर गेलात तर दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा होतो. साडेचारला उठलेल्या बाईचे सतरा तास रात्री साडेनऊला भरतात. तेव्हा तुम्ही डुलक्या घेत होतात, कुणाच्या ताळेबंदावर बसला नव्हतात, हे बरंच झालं. पुढच्या मार्चच्या आधी, जानेवारीतच साहेबांना सांगा: 'संध्याकाळी साडेसातनंतरच्या एंट्री सकाळी पुन्हा तपासाव्या लागतात, त्यात दुप्पट वेळ जातो. हे काम दोघांत वाटून द्या, किंवा फेब्रुवारीपासून सुरू करू द्या.' ऑडिटरनं चूक काढलेली कुठल्याच साहेबाला आवडत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, गाडी थांबूच नये असं वाटतं. हे नुसतं विसाव्याची भूक म्हणून लिहिलं असेल, तर ते रास्त आहे. त्या दीड तासात तुम्हाला कुणी हाक मारत नाही. पण पहाटे तीनला जाग येऊन मग झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, उगाच रडू येत असेल, किंवा आपण नसलेलंच बरं असा विचार मनात येत असेल, तर हा थकवा वेगळा आहे आणि खिचडीनं तो जाणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लगेच फोन करा.

आता सगळ्यात आधी करायची गोष्ट. तुम्ही ती पत्रात दोन ओळींत उडवून लावलीत. जिने चढताना थांबावं लागतं आणि पाळी आठ-आठ दिवस चालते, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर 'वयाचं असेल' म्हणून अंगावर काढायच्या नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. तुमच्या डब्यातल्या निम्म्या बायका समजा. फॅमिली डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन बघा. १२च्या खाली म्हणजे कमी. थायरॉइड, बी-१२, साखर यांचंही विचारा. जास्त जाणाऱ्या पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, गाठी वगैरे आहेत का ते सोनोग्राफीत कळतं. केमिस्टकडून परस्पर टॉनिक आणू नका. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि शौचाला काळं झालं तर घाबरू नका.

या बाबतीत मी एक गोष्ट फार पाहिली आहे. रिपोर्टमध्ये काही निघालं की बाईला आधी हायसं वाटतं. 'बघा, हिमोग्लोबिन साडेआठ आहे' हे ती जवळजवळ अभिमानानं सांगते, कारण आता तिला आडवं पडायची परवानगी कागदावर मिळालेली असते. घरचेही मग आठ दिवस हातात चहा आणून देतात. पण समजा तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर? म्हणून क्रम लक्षात ठेवा. 'स्वयंपाक करणार नाही' हे रिपोर्ट यायच्या आधी एकदा सांगून झालेलं असू द्या. कागदावर काही निघो न निघो, तुम्ही दमलेल्या आहातच.

शनिवारी ऑफिस नसेल तर शनिवारीच जा. साखरेसाठी उपाशीपोटी रक्त द्यावं लागतं, म्हणून सकाळी सातलाच लॅब गाठा. घरच्यांचा त्या दिवशीचा नाश्ता घरचे बघतील. तुम्ही शुक्रवारी रात्री पोहे निवडून, कांदा चिरून फ्रीजमध्ये ठेवू नका.